द्युती चंदच्या कारकिर्दीकडे नेमके कसे पाहावे?

लेन चार (धागाकर्ता)

ऑगस्ट २०२३ मध्ये धावपटू द्युती चंदवर उत्तेजकांच्या प्रकरणात घातलेल्या चार वर्षांच्या बंदीची बातमी आली आणि तेव्हापासून तिचे नाव क्रीडाप्रेमींच्या बोलण्यातून जवळजवळ गळूनच गेले. तोवर जी मंडळी तिला डोक्यावर घेऊन नाचत होती त्यांनी तिला एका दिवसात खाली उतरवले, आणि जी पहिल्यापासून नाके मुरडत होती त्यांना ‘आम्ही म्हणत नव्हतो का’ असे म्हणायची आयतीच सोय झाली. मला दोन्ही भूमिका पटत नाहीत, म्हणून हा धागा काढत आहे. तिला बसलेले सगळे धक्के एकाच पोत्यात भरून त्यावर ‘संघर्ष’ अशी चिठ्ठी लावण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिथेच घोटाळा होतो, असे मला वाटते.

द्युतीचा जन्म १९९६ चा, ओडिशातील जाजपूर जिल्ह्यातल्या चाका गोपालपूर या गावचा. घर विणकरांचे आणि परिस्थिती हलाखीची. थोरली बहीण धावत असे, तिच्यामागे हीही ब्राह्मणी नदीच्या काठाने अनवाणी धावू लागली. २०१३ हे तिच्या उदयाचे वर्ष. त्या वर्षी पुण्यात झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने २०० मीटरचे कांस्यपदक मिळवले, आणि त्याच महिन्यात युक्रेनमधील डोनेत्स्क येथे जागतिक युवा स्पर्धेत ती १०० मीटरच्या अंतिम फेरीत पोहोचली. जागतिक पातळीवरील कोणत्याही वयोगटाच्या स्पर्धेत १०० मीटरची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय ठरली. पुढच्या वर्षी तैपेईच्या आशियाई कनिष्ठ स्पर्धेत २०० मीटरचे आणि रिलेचे अशी दोन सुवर्णपदके आली. ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेची तयारी सुरू होती आणि जुलै २०१४ मध्ये, स्पर्धा तोंडावर आलेली असताना, तिला संघातून वगळल्याचे कळवण्यात आले.

कारण उत्तेजकांचे नव्हते. तिच्या शरीरात नैसर्गिकरीत्या तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचे, म्हणजे पुरुषांत अधिक असणाऱ्या संप्रेरकाचे, प्रमाण आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने महिलांसाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, असे ते कारण होते. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. तिच्यापुढे मार्ग ठेवला गेला तो औषधांनी किंवा शस्त्रक्रियेने हे प्रमाण खाली आणण्याचा. तिच्याआधी इतर देशांतल्या काही मुलींनी तो मुकाट्याने पत्करला होता. आपल्याकडे शांती सौंदराजनचे उदाहरण अगदी ताजे होते. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचे रौप्यपदक मिळवलेल्या त्या तमिळ मुलीचे पदक लिंगचाचणीनंतर काढून घेतले गेले आणि तिची कारकीर्द तिथेच संपली. द्युतीने उपचारही घेतले नाहीत आणि घरीही बसली नाही. तिने खेळातले वाद सोडवणाऱ्या, स्वित्झर्लंडमधील लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि २४ जुलै २०१५ रोजी लवादाने तो नियमच दोन वर्षांसाठी स्थगित केला.

पुढच्या काळातल्या दोन शर्यती माझ्या मनात रुतून बसल्या आहेत. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीच्या फेडरेशन चषकात ती ११.३३ सेकंदांत धावली. रचिता मिस्त्रीचा ११.३८ सेकंदांचा सोळा वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. (रचिताही ओडिशाचीच, हे आवर्जून सांगतो.) रिओ ऑलिंपिकचा पात्रता निकष मात्र ११.३२ होता. राष्ट्रीय विक्रम केलेली मुलगी फलकाकडे पाहून हिरमुसावी, असे दृश्य फार वेळा दिसत नाही. त्यानंतर २५ जून रोजी, पात्रतेची मुदत संपत आलेली असताना, कझाकस्तानातील अल्माटी येथे तिने प्राथमिक शर्यतीत ११.३० आणि त्याच दिवशी अंतिम शर्यतीत ११.२४ अशी वेळ दिली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये धावलेल्या पी. टी. उषानंतर छत्तीस वर्षांनी एक भारतीय स्त्री ऑलिंपिकच्या १०० मीटरमध्ये उतरली.

रिओत ती ११.६९ सेकंदांसह आपल्या प्राथमिक शर्यतीत सातवी आली, हेही लिहिलेच पाहिजे.

बालेवाडीकर

धागा उत्तम आहे. २०१३ ची ती स्पर्धा मी बालेवाडीच्या स्टँडमध्ये बसून पाहिली आहे, त्यामुळे थोडी भर घालतो. मुळात ती चेन्नईला व्हायची होती. श्रीलंकेच्या खेळाडूंना तिथे प्रवेश देण्यावरून वाद झाल्याने ती पुण्याकडे आली आणि तयारीला मोजकाच वेळ मिळाला. जुलैचे दिवस असल्याने हवा ढगाळ होती, प्रेक्षक बेताचेच होते आणि बहुतेकांचे लक्ष थाळीफेकीत विकास गौडाकडे व महिलांच्या चार बाय चारशे रिलेकडे होते.

२०० मीटरच्या अंतिम शर्यतीत वळण संपवून मुली सरळ पट्ट्यात आल्या तेव्हा आपली कोण, हे शोधायला मला क्षणभर लागला, कारण उंचीने बेताची ती सतरा वर्षांची पोर इतरांच्या मानाने लहानखुरी दिसत होती. तिची पावले आखूड पडत, पण भराभर पडत. शेवटच्या तीस मीटरमध्ये खांदे आखडू लागले आहेत हे स्टँडमधूनही कळत होते, आणि तरीही ती तिसरी आली. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला तिचे नाव विचारले आणि मी चुकीचे सांगितले, ही आठवण अजून खटकते. वर्षभराने तेच नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. तिच्या शरीराविषयी कुणीही काहीही लिहीत होते आणि त्यात तिच्या धावण्याविषयी एक ओळ नव्हती.

वकिली चष्मा

लवादाच्या निकालाविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो, तो इथे शिरण्याआधीच दूर करतो. ‘टेस्टोस्टेरॉनचा काही फायदा होत नाही’ असे लवादाने म्हटलेले नाही. महासंघाच्या २०११ च्या नियमात प्रति लिटर १० नॅनोमोल ही मर्यादा होती. ही मर्यादा फक्त स्त्रियांना लागू असल्याने आणि शरीराच्या एका नैसर्गिक गुणधर्मावर बोट ठेवणारी असल्याने तिच्यात भेदभाव आहे, हे गृहीत धरूनच प्रकरण पुढे गेले. तो भेदभाव आवश्यक आणि प्रमाणशीर आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यामुळे महासंघावर येऊन पडली, आणि माझ्या मते प्रकरणाचा सगळा कल इथेच ठरला.

स्त्री आणि पुरुष धावपटूंच्या कामगिरीत साधारण १० ते १२ टक्क्यांचा फरक असतो. ज्या स्त्रियांचे टेस्टोस्टेरॉन मर्यादेच्या वर आहे त्यांना इतर स्त्रियांपेक्षा त्या जवळपास जाणारा लाभ मिळतो का, असा प्रश्न लवादाने विचारला. उंची, आहार, प्रशिक्षण, देशातील सोयी यांमुळेही एका खेळाडूला दुसऱ्यावर वरचढ होता येते आणि त्यासाठी आपण कुणाला बाहेर काढत नाही. लाभ किती, याचा पुरेसा पुरावा महासंघाला देता आला नाही, म्हणून दोन वर्षांची मुदत मिळाली : पुरावा आणा, नाही तर नियम रद्द.

महासंघाने पुढे एक अभ्यास सादर केला आणि एप्रिल २०१८ मध्ये नवे नियम आणले. त्यांत ४०० मीटरपासून एका मैलापर्यंतच्याच शर्यती होत्या. १०० आणि २०० मीटर त्यातून वगळले गेल्याने द्युती मोकळी झाली आणि तिचे ओझे दक्षिण आफ्रिकेची ८०० मीटरची धावपटू कॅस्टर सेमेन्या हिच्या खांद्यावर गेले. सेमेन्या मे २०१९ मध्ये त्याच लवादापुढे हरली. ज्या अभ्यासाचा आधार घेतला गेला त्याच्या लेखकांनी २०२१ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध करून, त्यातील निष्कर्ष कार्यकारणभावाचा पक्का पुरावा ठरत नाहीत, असे मान्य केले.

आणखी एक सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे द्युती या लढाईत एकटी नव्हती. कॅनडातील वकिलांनी तिचे प्रकरण विनामूल्य चालवले, पायोष्णी मित्रा या अभ्यासक तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि भारतीय क्रीडा प्राधिकरणानेही अपिलाला पाठिंबा दिला. आपल्या यंत्रणांना आपण ऊठसूट नावे ठेवतो, म्हणून हे नोंदवले. अर्थात या साऱ्याची सुरुवात ज्या चाचण्यांनी झाली त्या कशासाठी चालल्या आहेत हे आपल्याला धड सांगितले गेले नाही, ही तिची तक्रारही त्याच कागदपत्रांत आहे.

साशंक

वरील सर्व वाचले. माझी शंका कुणाला आवडणार नाही, पण विचारतो. महिलांचा गट वेगळा ठेवण्यामागचे कारणच शारीरिक फरक हे आहे. तो फरक कुठेतरी मोजायचा तर रेघ कुठेतरी ओढावीच लागेल, आणि रेघ कुठेही ओढली तरी तिच्या पलीकडे कुणीतरी उभे असणारच. द्युतीवर अन्याय झाला हे मान्य करू, परंतु शेजारच्या लेनमधून धावणाऱ्या मुलीचे काय? तिनेही आयुष्याची दहा वर्षे घातलेली असतात आणि तिच्या बाजूने लोझानला कुणी वकील जात नाही.

दुसरे असे की, डिसेंबर २०२२ मध्ये भुवनेश्वरला स्पर्धेबाहेर घेतलेल्या दोन नमुन्यांत स्नायूवाढीसाठी वापरली जाणारी ‘सार्म्स’ गटातील द्रव्ये सापडली. एका नमुन्यात सापडली असती तर चूक म्हणता आले असते. ५ तारखेला आणि पुन्हा २६ तारखेला सापडल्यावर काय म्हणायचे? ज्या खेळाडूच्या शरीराची इतकी चिकित्सा झाली, तिने तरी तोंडात जाणाऱ्या प्रत्येक कणाबाबत दहा वेळा विचार करायला हवा होता.

लेन चार (धागाकर्ता)

साशंक, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. ती द्रव्ये पूरक पदार्थांतून अनवधानाने गेली, असा बचाव तिच्या बाजूने झाला आणि शिस्तपालन समितीला तो पटला नाही. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हा नियम कठोर आहे, पण तो ठाऊक नव्हता असे दोन ऑलिंपिक खेळलेल्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या धावपटूला म्हणता येत नाही. या बंदीला मी ‘अडथळा’ म्हणणार नाही.

पण म्हणूनच २०१४ ची गोष्ट वेगळी ठेवायला हवी. तेव्हा तिने काही घेतलेले नव्हते, उलट काहीतरी घ्यायला नकार दिला होता. २०२३ च्या बंदीने तो नकार मागाहून खोटा ठरत नाही. दोन्हींत ‘टेस्टोस्टेरॉन’ किंवा ‘स्नायू’ असले शब्द येतात म्हणून लोकांनी त्यांची खिचडी केली आहे, आणि बंदीची बातमी वाचून ‘म्हणजे तेव्हाही तसेच असणार’ असे म्हणणारे मला आमच्या व्यायामशाळेतही भेटले.

शेजारच्या लेनमधील मुलीचा प्रश्न खरा आहे. त्याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. मात्र आकडे पाहा. २६ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत बहारीनची एडिडिओंग ओडिओंग ११.३० सेकंदांत पहिली, द्युती ११.३२ सेकंदांत दुसरी आणि चीनची वेई योंगली ११.३३ सेकंदांत तिसरी आली. २०० मीटरलाही द्युती ओडिओंगच्या मागेच, २३.२० सेकंदांसह दुसरी होती. ऑलिंपिकमध्ये रिओला ११.६९ आणि टोकियोला ११.५४, म्हणजे दोन्ही वेळा प्राथमिक फेरीतच बाद. दहा टक्क्यांचा लाभ घेऊन धावणारी व्यक्ती अशी धावत नाही.

वकिली चष्मा

इथे धागाकर्त्यांना टोकतो. लाभ क्रमांकावरून ठरत नाही. एखादी व्यक्ती लाभ असूनही सातवी येऊ शकते, कारण त्याविना ती कदाचित पात्रच झाली नसती. हा युक्तिवाद लवादापुढे टिकला नसता.

लेन चार (धागाकर्ता)

मान्य. मागे घेतो. आकडे तेवढे राहू देत.

फक्की

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि दरवर्षी तालुका पातळीच्या स्पर्धांसाठी मैदानावर फक्कीने लेन आखण्याचे काम माझ्याकडे असते, म्हणून हे नाव. इथे ११.३३ आणि ११.३२ यांतला फरक सगळ्यांनी लिहिला, पण तो जमिनीवर केवढा दिसतो हे कुणी सांगितले नाही. ११.३३ सेकंदांत १०० मीटर म्हणजे सरासरी सेकंदाला पावणेनऊ मीटरहून किंचित अधिक. त्याचा शंभरावा भाग म्हणजे नऊ सेंटिमीटरच्या आसपास. आमच्या वर्गातला डस्टर आडवा धरला तर त्याची लांबी याहून जास्त भरते. मी मुलींना मैदानावर नेऊन समाप्तीच्या रेषेजवळ डस्टर ठेवून दाखवला आणि सांगितले की, राष्ट्रीय विक्रम करूनही ऑलिंपिक एवढ्याने लांब राहते. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, छाती थोडी पुढे टाकली असती तर?’ प्रश्न बरोबर होता, कारण समाप्तीला धडच धरले जाते, डोके किंवा हात नाही. पण रेषा ओलांडताना झेप कधी टाकायची हे चुकले तर तेवढाच वेळ उलट वाया जातो.

आमच्याकडे अजून हाताने घड्याळ दाबूनच वेळ घेतली जाते. पिस्तुलाच्या आवाजाला बोट जरा उशिरा दाबले जाते, म्हणून हातघड्याळाची वेळ नेहमी चांगली दिसते, आणि तुलना करायची झाल्यास १०० मीटरसाठी त्यात ०.२४ सेकंद मिळवावे लागतात. पालकांना हे पटवणे फार कठीण जाते. आपल्या मुलीची वेळ बघून ‘राज्याच्या विक्रमाला फक्त एवढेच कमी’ असे म्हणणाऱ्या पालकांना मी ते ०.२४ समजावते तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

जाता जाता एक योगायोग सांगते. २०१६ मध्ये दिल्लीत जो निकष तिच्या हातून निसटला तो ११.३२ होता. जकार्ताचे रौप्यपदक तिने ११.३२ मध्येच मिळवले. जुलै २०१९ मध्ये नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मीटरचे सुवर्णपदक मिळाले, तिथेही वेळ ११.३२. मी हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे.

बालेवाडीकर

११.३२ ची गंमत ध्यानातच आली नव्हती! नेपल्सवरून आठवले म्हणून लिहितो. त्याच्या दोनच महिने आधी, मे २०१९ मध्ये, आपले आपल्या गावच्या एका मुलीवर प्रेम असल्याचे तिने जाहीरपणे सांगितले होते. कलम ३७७ वरील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि सक्रिय भारतीय खेळाडूंपैकी असे उघडपणे बोलणारी ती पहिलीच. घरातून विरोध झाला आणि तो चारचौघांत झाला. अशा उन्हाळ्यात एखादीने स्पाइक्स खुंटीला टांगले असते तरी कुणी बोल लावला नसता. ती इटलीत जाऊन पहिली आली. त्या स्पर्धेत ट्रॅकवर सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री आहे.

तेव्हा हैदराबादला एन. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली तिचे प्रशिक्षण चालत असे. ऑक्टोबर २०१९ मध्ये रांचीला ११.२२ आणि जून २०२१ मध्ये पतियाळाला ११.१७ असा तिचा आलेख चढता राहिला. टोकियोचा निकष ११.१५ होता. म्हणजे पुन्हा तेच, या वेळी दोन शतांशांनी. जागतिक क्रमवारीमुळे प्रवेश मिळाला म्हणून बरे.

साशंक

फक्की, तुमचा प्रतिसाद आवडला. मग एक सरळ प्रश्न सर्वांनाच. बंदी संपल्यावर ती पुन्हा धावू शकेल का? आणि धावावे का?

फक्की

वयाचा प्रश्न असेल तर माझ्या मते तो मोठा नाही. जमैकाच्या शेली-ॲन फ्रेझर-प्राइसने २०२२ मध्ये पस्तिसाव्या वर्षी १०० मीटरचे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि तिथलीच मर्लिन ओटी चाळिशीत सिडनी ऑलिंपिकची रिले धावली. चार वर्षे स्पर्धा नसणे हे मात्र वयापेक्षा जड जाते. ब्लॉकमधून, म्हणजे सुरुवातीला पाय रोवायच्या ठोकळ्यांतून, बाहेर पडण्याची सवय घरच्या अंगणात टिकत नाही. शेजारी सात जणी आणि मागे पिस्तूल असल्याशिवाय पहिली पाच पावले तशी पडतच नाहीत.

वकिली चष्मा

नियमांच्या बाजूने पाहिले तर वाट आणखी अरुंद झाली आहे. मार्च २०२३ मध्ये महासंघाने मर्यादा प्रति लिटर २.५ नॅनोमोलवर आणली, ती किमान २४ महिने राखण्याची अट घातली आणि हा नियम सर्व शर्यतींना लावला. म्हणजे २०१८ मध्ये १०० मीटरला मिळालेली सूट गेली. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटासाठी एकदाच करायची जनुकचाचणीही आली आहे. ज्या नियमाविरुद्ध ती २०१५ मध्ये जिंकली, त्याहून कडक नियम आज लागू आहेत, आणि ते आले तेव्हा ती स्वतः निलंबित असल्याने तिच्या बोलण्याला वजन उरले नव्हते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वाधिक हळहळ याची वाटते.

लेन चार (धागाकर्ता)

साशंक, धावावे का, हे तिचे तिने ठरवायचे. धावू शकेल का, याचा हिशेब असा. बंदी ३ जानेवारी २०२३ पासून धरलेली आहे, म्हणजे ती २०२७ च्या जानेवारीच्या सुरुवातीला संपते. तेव्हा तिला एकतीस पूर्ण व्हायला महिना बाकी असेल. जपानमधील आयची-नागोया आशियाई स्पर्धा २०२६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असल्याने ती हुकणार. मात्र बंदीचे शेवटचे दोन महिने खेळाडूला संघाबरोबर आणि संस्थेच्या मैदानावर सराव करण्याची मुभा उत्तेजकविरोधी संहितेत आहे. त्यामुळे नोव्हेंबर २०२६ मध्ये ती एखाद्या ट्रॅकवर ब्लॉक लावताना दिसली तर त्यात नियमबाह्य काही नसेल. कुणाला दिसली तर इथे जरूर लिहा, आणि बालेवाडीकर, या वेळी नाव बरोबर सांगा.